वऱ्हाडांतील तान्ह्या मुलांचें न्हाणें

गेल्या उन्हाळ्यांत अकोल्यास आमच्या पुतणीला मुलगी झाली, तेव्हां घरांत दोन याद्या तयार झाल्या. एक आमच्या वृद्ध मातोश्रींच्या तोंडची. ती कागदावर कधींच उतरली नव्हती. हरभऱ्याच्या डाळीचें पीठ, आंबेहळद, दुधावरची साय, तिळाचें तेल, जुन्या धोतराचीं मऊ फडकीं, शेगडी, गोवऱ्या, ओवा, वावडिंग आणि ऊद. दुसरी यादी बाळंतिणीनें स्वतः केलेली, दुकानाच्या छापील पत्रकावरून उतरलेली: साबण, पावडर, तेल, अंगास लावावयाचें मलम, पाण्याची उष्णता मोजण्याचें यंत्र, प्लास्टिकचा टब, आणि ओलसर कागदी रुमालांची पाकिटें. दोन्ही याद्या ताडून पाहतां असें दिसलें कीं, ज्या पदार्थावांचून न्हाणें होतच नाहीं तो, म्हणजे पाणी, कोणत्याच यादींत नव्हता. पूर्णेच्या खोऱ्यांत ही विसर लहान नव्हे. तिच्याकडे आम्ही पुढें येऊंच.

वादाचा निकाल डॉक्टरीणबाईंनीं लावला. त्यांनीं दोन्ही याद्यांवर सारख्याच निष्ठुरपणें काट मारली, आणि वर असेंहि सांगितलें कीं, पहिला एक दिवस मुलीला पाणी लावूंच नये. मातोश्रींना हें फार लागलें. ज्या हातांनीं घरांतलीं सात मुलें न्हाऊं घातलीं, त्या हातांना एकाएकीं काम उरलें नाहीं, हें त्यांच्या दुःखाचें खरें कारण. आम्हीं मात्र त्या निमित्तानें ह्या दोन याद्या कोठून आल्या याचा शोध सुरू केला. तह, लढाया व दिवाणांच्या नेमणुका यांनीं आपले इतिहासग्रंथ भरले आहेत. न्हाणीघराच्या उंबऱ्याशीं येऊन ते थांबतात.

तान्ह्या मुलाचें न्हाणें हा केवळ बायकांच्या तोंडी परंपरेचा विषय आहे असें मानण्याचा प्रघात आहे. तो बरोबर नाहीं. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानाचा पहिलाच अध्याय बालोपचारास दिला आहे. जन्मलेल्या मुलाच्या अंगावरील चिकट आवरण सैंधव व तूप यांनीं काढावें, बलातेलानें अंग माखावें, क्षीरी वृक्षांच्या, म्हणजे वड, उंबर अशा चिकाच्या झाडांच्या काढ्यानें किंवा सोनें-रुपें तापवून विझविलेल्या कोमट पाण्यानें त्यास न्हाऊं घालावें, असें तेथें सांगितलें आहे. सोन्याची गोष्ट श्रीमंतांच्या घरची खरी. परंतु तींतील मर्म इतकेंच दिसतें कीं, पाणी तापलेलें असावें, आणि तें तापविण्याचें काम कोणी तरी मन लावून करावें.

धुरीचें मूळहि असेंच जुनें आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत यव, सर्षप, अतसी, हिंगु, गुग्गुळ, वचा अशा द्रव्यांची धुरी सांगितली आहे. अतसी म्हणजे आपली जवस; वऱ्हाडच्या काळ्या रानांतली ती नेहमींची ओळखीची. पण वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. चरकाची ती धुरी मुलाच्या वस्त्रांना, अंथरुणाला व पांघरुणाला द्यावयाची आहे. ती कपड्यांवरून सरकत सरकत प्रत्यक्ष मुलाच्या नाकातोंडापर्यंत केव्हां व कशी पोंचली, हें सांगणें कठीण. ग्रंथांतला नियम एका पिढीकडून दुसरीकडे जातांना त्यांतील कर्म राहतें आणि मर्यादा गळते, याचें हें चांगलें उदाहरण होय.

वऱ्हाडच्या भूमीशीं ज्यांचा संबंध आहे त्या महानुभाव वाङ्मयांतहि न्हाण्याचा उल्लेख वारंवार येतो. अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धपूर हें ह्या पंथाचें मोठें स्थान, आणि म्हाइंभटाचें लीळाचरित्र हें तेराव्या शतकांतलें. त्यांत तेल चोळण्यास 'मर्दना' आणि न्हाण्यास 'मादणें' असे शब्द येतात. तीं वर्णनें थोरांचीं आहेत, तान्ह्यांचीं नव्हेत. तथापि आधीं तेल, मग ऊन पाणी हा क्रम ह्या प्रांतीं किती रुळलेला होता तें त्यांवरून कळतें. बाकी 'आंघोळ' हा शब्द वऱ्हाडच्या खेड्यांत आजहि फारसा ऐकूं येत नाहीं. तेथें लेकराचें 'आंग धुतात'.

आतां प्रत्यक्ष न्हाणें कसें होई तें सांगतों, कारण तें पाहिलेले लोक दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत. आमचें जुनें घर अकोल्याच्या जुन्या शहरांत, असदगडाच्या बुरुजापासून हांकेच्या अंतरावर होतें. मागच्या पडवींत दगडी न्हाणी. तिच्या तोंडाशीं तांब्याचा बंब, शेजारीं पितळी घंगाळ आणि गार पाण्याचा गुंड. पहिलें बाळंतपण माहेरीं, म्हणून घर नेहमीं आत्या-बहिणींच्या मुलांनीं गजबजलेलें. सकाळीं ऊन पडवींत आलें कीं सुईण येई. ती पाटावर बसून पाय लांब पसरी, लुगडें गुडघ्यांवर ओढून घेई, आणि दोन पोटऱ्यांमधल्या खोलगट जागेंत मूल निजवी. त्याहून सुरक्षित पाळणा आम्हीं पाहिला नाहीं. ओल्या अंगाचें मूल हातांतून निसटतें. पोटऱ्यांतून निसटत नाहीं. आधीं कोमट तिळेल तळव्यांपासून टाळूपर्यंत जिरवी. हातापायांची अदलाबदल करून त्यांना हलकी ओढ देई. नाकाचा शेंडा चिमटींत धरून वर ओढी, म्हणजे नाक सरळ होतें असा समज. मग सायींत कालवलेल्या डाळीच्या पिठाचा गोळा अंगावर फिरे. त्यानें लव निघते म्हणत. मुलगी असली तर हा गोळा दुप्पट वेळ फिरे, आणि ती रडूं लागली कीं भोंवतालच्या बायका हंसत म्हणत, आतां सोसून घे. लग्नाच्या बाजाराची तयारी अशी बाराव्या दिवसाच्या आंतच सुरू होई.

त्यानंतर पाण्याच्या धारा. पाणी इतकें कढत कीं मूल लालबुंद होई. शेवटीं शेगडीवर ओवा, वावडिंग, लसणीचीं सालें व ऊद टाकून त्या धुरावर त्याला उलटेंपालटें धरीत. टाळू तेलानें भरीत. डोळ्यांत काजळ, गालावर तीट. आणि फडक्यांत घट्ट गुंडाळून बाजेवर आईच्या कुशींत टाकीत. मूल तीन तीन तास झोपे. ही झोप म्हणजे न्हाणें उत्तम झाल्याची पावती. ती सुखाची होती कीं थकव्याची, हें विचारण्याची सोय नव्हती.

ही सुईण बहुधा अस्पृश्य मानलेल्या जातीची, कोठें कोठें न्हाव्याच्या घरची असे. सुतकाच्या दिवसांत आई व मूल हीं स्वतःच अस्पर्श. म्हणून तेवढे दिवस तिचा हात चाले. सुतक फिटलें कीं तिची सावलीहि चालेनाशी होई. लुगडें, खण, शेरभर धान्य व नारळ घेऊन ती मागच्या दारानें जाई, आणि ज्या मुलाला तिनें जगाचें पहिलें पाणी दाखविलें त्याला पुढें तिला शिवण्याची बंदी! आमच्या सुधारलेल्या म्हणविणाऱ्या घरांनीं ह्या विसंगतीकडे पिढ्यान् पिढ्या डोळेझांक केली, हें येथें लिहून ठेवणें अवश्य आहे.

आतां पाण्याकडे वळूं. तापीला मिळणारी पूर्णा नदी अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या जिल्ह्यांतून वाहते, आणि तिच्या दोन्ही अंगांस खोल गाळाच्या काळ्या जमिनीचा जो मोठा पट्टा पसरला आहे त्यास खारपाणपट्टा म्हणतात. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगांव या बाजूच्या अनेक गांवीं विहीर खणावी तों पाणी लागावें, आणि जिभेवर ठेवावें तों तें थुंकून टाकावें. अशा गांवांत गोड्या पाण्याची एखादी विहीर असली तर तिच्यावर सारा गांव लोटे. नाहीं तर नदीच्या पात्रांतले झिरे, पावसाचें सांठविलेलें पाणी, किंवा कोसभरावरून डोक्यावर आणलेल्या घागरी. पिण्याला जेथें घागर मोजून, तेथें न्हाण्याला काय मिळणार? मोठीं माणसें खाऱ्या पाण्यावर भागवीत. पण तान्ह्यासाठीं एक गुंड गोडें पाणी बाजूस काढून ठेवण्याची रीत पुष्कळ घरीं होती. मातोश्रींचें माहेर दर्यापूरकडचें. त्यांची आजी सुनांना बजावीत असे, 'लेकराचं आंग खाऱ्या पान्यानं नोको धू वो माय, कातडं फुटते.' त्या म्हातारीनें रसायनशास्त्राचें नांवहि ऐकलें नव्हतें. पण कोवळ्या कातडीवर क्षार वाळले म्हणजे ती रुक्ष होते, हें निरीक्षण अगदीं बरोबर होतें.

डाळीच्या पिठाचें माहात्म्यहि आम्हांस ह्या पाण्यांतूनच उलगडतें. जड व खाऱ्या पाण्यांत साबणाचा फेस होत नाहीं. साबण फुटून त्याचा पांढरा चिकट साका अंगावर व भांड्यावर बसतो. पिठाला ही अडचण नाहीं. तें तेल शोषून घेतें आणि थोड्या पाण्यानें निघून जातें. तेव्हां वऱ्हाडांतल्या बायकांनीं विलायती साबणाला दीर्घ काळ दाद दिली नाहीं, हा केवळ त्यांचा हट्ट नव्हता. त्यांच्या पाण्याचा तो न्याय होता.

साबण आला तो आगगाडीनें. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखालीं दिला; पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वर्षांत, म्हणजे १८६१ ते १८६५ च्या दरम्यान, येथल्या कापसाला सोन्याचा भाव आला; आणि १८६७ पर्यंत मुंबईची लोहमार्गी वाट अकोला व बडनेरा यांवरून नागपुरास जाऊन भिडली. १८७० मध्यें लॉर्ड मेयो स्वतः खामगांवीं आले होते. ह्याच वाटेनें वऱ्हाडचा कापूस बाहेर गेला आणि कापड, रॉकेल, काड्यापेट्या व साबण आंत आले. ज्या प्रांतानें मँचेस्टरच्या गिरण्या चालविल्या, त्याच प्रांतांत नव्या जिवाला पहिलें वस्त्र म्हणून आजोबांच्या विरलेल्या धोतराचें फडकें मिळे! यांत दारिद्र्य थोडें आणि शहाणपण पुष्कळ होतें. शंभर वेळां धुतलेल्या सुतासारखें मऊ कापड कोणत्याहि गिरणींतून निघत नाहीं.

साबणाला धर्माचीहि अडचण आडवी आली. तो चरबीचा असतो अशी शंका असल्यामुळें सोंवळ्याच्या घरांत त्यास थारा नव्हता. १९१६ सालीं म्हैसूर संस्थानानें बंगलूर येथें चंदनी साबणाचा सरकारी कारखाना काढला, आणि १९१९ च्या सुमारास मुंबईस आर्देशीर गोदरेज यांनीं वनस्पतितेलांचा साबण बाजारांत आणला, तेव्हां ही हरकत मोडली. स्वदेशीच्या वाऱ्यानें उरलेलें काम केलें. तरीहि साबण प्रथम शिरला तो पुरुषांच्या न्हाणींत. तान्ह्याच्या पाटापर्यंत यावयास त्याला आणखी एक पिढी लागली.

ह्या सर्व कालांत जें खरें संकट होतें तें पीठ कीं साबण ह्या वादाच्या बाहेरच होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकीं सुमारें २०० पहिला वाढदिवस पाहत नसत. त्यांतलीं कितीएक नाळेच्या जखमेंतून शिरणाऱ्या धनुर्वातानें पहिल्या पंधरवड्यांतच जात. नाळ विळ्यानें कापावी, तिच्यावर राख किंवा शेण थापावें, आणि त्याच हातांनीं मूल न्हाऊं घालावें. अशा स्थितींत सटवाईला सहाव्या दिवशीं घाबरणें अगदींच निष्कारण नव्हतें. व्हाइसरॉयपत्नी लेडी डफरिन यांनीं १८८५ मध्यें स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीचा निधि काढला. १९०३ पासून लेडी कर्झन यांच्या खटपटीनें सुईणींना शिकविण्यासाठीं व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. अमरावतीचें जिल्हा स्त्री रुग्णालय आजहि लोकांच्या तोंडीं 'डफरीन' आहे, आणि अकोल्याचें 'लेडी हार्डिंग'. बाया तेथें प्रथम भीतभीतच जात. परंतु उकळलेली कात्री आणि स्वच्छ दोरा हीं दोन हत्यारें तेथूनच हळूहळू घरांत आलीं. आईला धनुर्वाताची लस टोचण्याची पद्धत पुढें सर्वत्र झाली, आणि २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हिंदुस्थानांतून नवजात धनुर्वाताचें उच्चाटन झाल्याचें मान्य केलें. मातोश्रींच्या दोन भावंडांचें मरण 'सटवाईनें नेलें' एवढ्या दोन शब्दांत आमच्या घरीं सांगितलें जाई. त्याचा अर्थ आम्हांस फार उशिरां कळला.

एक यादी अशी मागें पडत असतां दुसरी पुढें येत होती. अमेरिकेंत जॉन्सन कंपनीनें १८९४ च्या सुमारास लहान मुलांची पावडर विकावयास काढली. हिंदुस्थानांत त्या कंपनीचा माल १९४७ पासून येथेंच होऊं लागला. स्वातंत्र्यानंतरच्या काळांत अमरावतीच्या बाजारांत तो पांढरा डबा प्रतिष्ठेचें चिन्ह ठरला. बारशाला पावडरीचा डबा, साबण व तेल अशी पेटी आणणारी मावशी ही झबलें-टोपडें आणणाऱ्या आत्यापेक्षां अधिक सुधारलेली समजली जाई. पावडर म्हणजे दळलेलें शंखजिरें. त्याची धूळ मुलाच्या छातींत जाते, ही गोष्ट डॉक्टर मंडळी पुढें सांगूं लागली. पण डब्यावरील हंसऱ्या मुलाचें चित्र त्यांच्याहून मोठ्यानें बोलत होतें.

कारखान्यांतून आलें म्हणून निर्धोक, ह्या समजुतीची फार मोठी किंमत फ्रान्सनें दिली आहे. १९७२ मध्यें तेथें एका पावडरींत हेक्झाक्लोरोफीन नांवाचें जंतुनाशक चुकून प्रमाणाबाहेर मिसळलें गेलें, आणि ३६ मुलें दगावलीं. अलीकडे शंखजिऱ्याच्या पावडरीवर अमेरिकेंत हजारों दावे झाले. त्या कंपनीनें २०२० मध्यें अमेरिका व कॅनडांत, आणि २०२३ मध्यें सर्व जगांत, ती विकणें थांबवून मक्याच्या पिठाची पावडर ठेविली. आपल्याकडे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें सप्टेंबर २०२२ मध्यें नमुने कसोटीस उतरले नाहींत म्हणून मुलुंडच्या कारखान्याचा पावडरीचा परवाना रद्द केला, व जानेवारी २०२३ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तो हुकूम रद्द ठरविला. म्हणजे डाळीच्या पिठाला हंसणाऱ्या पिढीच्या हातीं शेवटीं मक्याचें पीठ आलें!

जुनें तें सर्व सोनें, असा मात्र याचा अर्थ करूं नये. नव्या ज्ञानानें मातोश्रींच्या यादीलाहि सोडलेलें नाहीं. वाग्भटानें जें आवरण पुसून काढावयास सांगितलें, तेंच मुलाच्या कातडीचें रक्षण करतें असें आज ठरलें आहे. आणि जन्मल्यावर निदान २४ तास न्हाऊं घालूं नये असें जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण ओलें मूल फार लवकर गारठतें आणि गारठलेलें मूल दूध ओढीत नाहीं. कमी वजनाच्या मुलाच्या बाबतींत तर हा प्राणाचाच प्रश्न होय. आपल्या विदर्भांतच, गडचिरोलीच्या खेड्यांत, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९९३ पासून हें दाखवून दिलें. गांवांतल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना शिकवून, मूल उबेंत कसें ठेवावें, आजार कसा ओळखावा, औषध केव्हां द्यावें हें त्यांच्या हातीं दिलें. आणि ३९ गांवांतील नवजात मुलांचें मृत्युमान तीन वर्षांत सुमारें ६२ टक्क्यांनीं उतरलें. १९९९ मध्यें तो वृत्तान्त लॅन्सेट ह्या विलायती नियतकालिकांत आला. तेथेंहि काम केलें तें गांवच्याच बाईनें, मात्र तिला मागच्या दारानें जावें लागलें नाहीं.

पिठाचा गोळा कोवळी कातडी खरवडतो. लव ती आपली आपणच गळते. काजळांत शिसें असूं शकतें. धुरीविषयीं वर लिहिलेंच आहे. तेलाची गोष्ट थोडी निराळी. मोहरीच्या तेलाबद्दल शंका आहेत. पण बांगलादेशांत अपुऱ्या दिवसांच्या मुलांना सूर्यफुलाचें तेल हलक्या हातानें लावलें असतां रोगजंतूंची बाधा कमी झाली, असें २००५ च्या सुमारास प्रसिद्ध झालें. तेव्हां मर्दनेचा पक्ष अगदींच हरलेला नाहीं, एवढें ऐकून मातोश्रींना बरें वाटलें.

पाण्याची स्थिति आज पालटली आहे, पण पुरी नव्हे. वान व शहानूर या धरणांचें पाणी नळांनीं खारपाणपट्ट्यांतल्या गांवांना जातें. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचें येतें. तरी आमच्या गल्लींत नळ कित्येक दिवसांआड येतो, आणि अंगणांतल्या कूपनलिकेचें पाणी खारटच. बाळंतीण घरीं आल्यावर पहिल्याच सकाळीं टबांत पाणी घेतलें गेलें तें कूपनलिकेचें, कारण तें हाताशीं होतें. उष्णतेच्या यंत्रानें आंकडा बरोबर दाखविला. मातोश्री भिंतीला धरून उठल्या, बोट बुडवून जिभेला लावलें, आणि कांहीं न बोलतां सारा टब तुळशीलाहि न घालतां मोरींत ओतून दिला. मग आंतल्या पिंपांतलें नळाचें पाणी तापवावयास ठेवलें गेलें.

पुढचें सर्व डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणें झालें. साबण नांवापुरता, पावडर नाहीं, धुरी नाहीं. न्हाणें पांच मिनिटांत आटोपलें, आणि पुसून लगेच मुलगी आईच्या छातीशीं गेली. टबांत धरतांना मात्र ती दोन वेळां निसटतां निसटतां राहिली, तेव्हां तिसऱ्या दिवसापासून टब माळ्यावर गेला व पाट खालीं आला. मातोश्रींच्या पोटऱ्या आतां वाळल्या आहेत; म्हणून पाटावर पुतणी बसते, आणि त्या शेजारीं खुर्चीवर बसून कोपरानें पाणी पाहतात. आंबेहळद डब्यांत परत गेली, आणि सांठवलेल्या सायीचें त्यांनीं तूप कढविलें.